बिनदोऱ्याची गोळी

"मिस्त्री, एक इचारू? ही गोळी हाय का पहिलटकरीण? किती ते लुगडं गुंडाळतासा तिला!"

मी मान वर केली नाही. सकाळपासून अकरा कागद फाटले होते, बारावा बोटांना चिकटून बसला होता, आणि अशा वेळी कोणी थट्टा केली की माझ्या डोक्यात तिडीक जाते. तेव्हाही जायची, आता सत्तरीतही जाते.

बोलणारी हौसाक्का. सुबरावनाना इंगवल्यांच्या समोर तिचं घर. नानांच्या सोप्यात उजेड चांगला म्हणून ती दिवसभर तिथंच मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसायची. निपाणीच्या आसपास तेव्हा घरोघरी बायका हेच करायच्या. हौसाक्का दिवसाला हजार बिड्या वळायची आणि वळता वळता गावभराच्या गोष्टी सांगायची. मी कोल्हापूरचा दस्तगीर शिकलगार. तीन पिढ्यांचा बंदूक दुरुस्तीचा धंदा, दुकानात काचेच्या चौकटीत परवाना टांगलेला. बिड्या वळणाऱ्या बाईनं माझ्या कामात तोंड घालावं हे मला कसं खपावं?

"आक्का, तुम्ही तुमचं सूप सांभाळा," मी म्हणालो.

"सांभाळतोयच की. पर डोळं मिटून कसं बसू?"

ही शहाऐंशी सालच्या नवरात्रातली गोष्ट. गाव नांगनळी. गावात एक जुनी रीत होती. दसऱ्याला सोनं लुटायच्या आधी तळ्याच्या पलीकडं, दीडशे पावलांवर, बांबूच्या तिकाटण्याला कोहळा टांगायचा आणि इंगवल्यांच्या कर्त्या माणसानं तो एका गोळीत फोडायचा. त्यासाठी नानांच्या पणजोबांपासून चालत आलेली मार्टिनी बंदूक होती. खालची दांडी ओढली की तिचं मागचं तोंड उघडायचं. आत एक काडतूस, आणि एकच बार. गाव तिला 'थोरली' म्हणायचं. नानांनी वीस-बावीस वर्षं एकही कोहळा चुकवला नव्हता.

मग जुनी काडतुसं संपली. तशी आता कुठं बनत नव्हती. माझ्या बापानं ठेवलेला एक पितळी साचा माझ्याकडं होता. त्यात मऊ शिसं ओतून मी गोळ्या पाडल्या आणि वापरलेल्या काडतुसांच्या रिकाम्या टोप्यांत बसवून नानांना दिल्या. त्यानंतरच्या तीन दसऱ्यांत कोहळ्याला ओरखडासुद्धा उठला नाही. तिसऱ्या वर्षी तर गोळी शाळेच्या कौलांतून गेली. शाळेला सुट्टी होती म्हणून निभावलं. गावानं बैठक घेतली आणि ठरवलं की येत्या दसऱ्याला एकदा बघायचं. चुकली तर थोरलीच्या नळीत शिसं ओतून ती देवळात ठेवून द्यायची. मुकी करायची. गावाचं चुकलं असं मी तरी म्हणणार नाही.

नानांनी एका शब्दानं विरोध केला नाही. "माझी नजर गेली," एवढंच म्हणाले. "नजर गेल्यावर बंदूक ठेवून करायचं काय?"

पासष्टीचा ताठ माणूस. पण त्या नवरात्रात मी बघत होतो, नाना पायरी उतरताना भिंतीला हात लावायचे. दाढी न्हाव्याकडून करून घ्यायचे. सायकल गोठ्यात धूळ खात पडली होती. मला ते बघवत नव्हतं, आणि का बघवत नव्हतं ते तेव्हा मी स्वतःलाही नीट सांगत नव्हतो.

त्या वर्षी श्रावणात काकींना, म्हणजे नानांच्या बायकोला, जुन्या पेटीत पणज्याच्या वेळचं एक काडतूस सापडलं. नानांनी ते माझ्याकडं पाठवून दिलं. भरलेलं काडतूस मी आयुष्यात कधी फोडून पाहिलं नव्हतं. फोडायचं कशाला? त्या दिवशी मात्र गोळी हळूच ओढून बाहेर काढली आणि पाहत राहिलो. गोळीला कागद गुंडाळलेला होता. पांढरा, पातळ, दोन वेढे, तळाशी पिळून आत दाबलेला. इतका नीट की जोड कुठं आहे ते बोटाला लागत नव्हतं. कागद सोडवून गोळी मोजली तर ती माझ्या साच्यातल्या गोळीएवढीच निघाली. साचा झिजलाय, गोळी बारीक पडते, असं मी तीन वर्षं समजत होतो. साचा बरोबर होता. उरलेली जागा कागदानं भरायची होती. नळीतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या आट्या शिशाला पकडत नव्हत्या, कागदाला पकडत होत्या. माझ्या नागड्या गोळ्या नळीतून नुसत्या खडखडत बाहेर पडल्या होत्या.

म्हणून परवानगीचे कागद करून, घटस्थापनेलाच मी नांगनळीत येऊन बसलो. कोल्हापुरातल्या कोर्टापुढच्या टायपिस्टाकडून कार्बनखाली घालतात तो चरचरीत पातळ कागद आणला होता; त्याच्या एका कडेला निळ्या शाईचे डाग होते. पाण्यात भिजवायचा, गोळीवर ताणून गुंडाळायचा, वाळला की तो आवळून बसतो, एवढं मला कळलं होतं. पण कळणं आणि जमणं यात फार अंतर असतं. माझी बोटं कानशीची. कागद कधी फाटायचा, कधी सुरकुतायचा, कधी टोकावर टोक चढून तिथं गाठ यायची.

"आना हिकडं," हौसाक्का म्हणाली आणि मी देतो की नाही हे न बघता तिनं सुपातली पानं बाजूला सारून गोळी उचलली. कागद चिमटीत धरून उजेडाकडं केला, दोन्ही बाजूंनी ओढून पाहिला.

"ह्यो असा ताणतोय, तसा न्हाई ताणत. तुमी आडवा कापलाय. आनि टोकं सरळ कशापायी? सरळ टोक टोकाला भिडलं की तिथं उंचवटा येनार. तिरकं कापा. पत्र्याचा फर्मा हाय का?"

"फर्मा?"

तिनं सुपातून तिचा फर्मा काढून दाखवला. पान ज्याच्या मापानं कापतात तो पत्र्याचा तुकडा, चाळीस वर्षांच्या वापरानं कडा चांदीसारख्या झालेल्या. मी मुकाट्यानं पत्रा कापून दिला. दोन्ही टोकं तिरकी. माप चार वेळा बदललं. चारही वेळा तिनं "केसभर ज्यादा" किंवा "केसभर कमी" म्हणून परत केला. माझ्या बापानंसुद्धा मला एवढं परत पाठवलं नव्हतं.

मग तिनं भिजलेला कागद मांडीवर पसरला, गोळी वर ठेवली आणि तळहात एकदा पुढं नेला. बस. झालं. दोन वेढे, टोकाला टोक असं भिडलेलं की ना फट ना चढाव. मी गोळी हातात घेऊन फिरवली, नखानं चाचपली, जोड सापडला नाही. पणज्याच्या काडतुसातली गोळी आणि ही, शेजारी ठेवली तर कोणती कुठली ते सांगता आलं नसतं. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. आमच्या धंद्यात मी नावाजलेले हात पाहिलेत. असा हात नाही पाहिला.

"आक्का," मी म्हणालो, "हे कसं केलंत?"

"कसं म्हंजे? बिडी हाय ही. तंबाकूच्या जागी शिसं."

आणि बोलता बोलता तिनं खालची शेपटी पिळली, रिळाचा दोरा घेतला, दोन फेरे मारले आणि दातानं तोडला. लाल दोरा. इतका देखणा दिसला की मीच म्हणालो, "वा! आता सुटायची नाही."

"सुटली की छाटच ओ," ती म्हणाली. संध्याकाळी कारखान्यात बिड्या तपासतात. जी सैल, जी सुटलेली, ती बाजूला काढतात, तिला छाट म्हणतात. ती मेहनत फुकट. "चाळीस वरसांत माझ्या हाताची बिडी सुटली न्हाई."

पाचव्या माळेला वीस गोळ्या वाळून, चरबी लावून तयार झाल्या. नाना त्या बाजूला फिरकले नाहीत. दसऱ्याशिवाय थोरलीला हात लावायचा नाही अशी त्यांची रीत, आणि आता तर मनही नव्हतं. मीच वाळूच्या पोत्यावर बंदूक टेकवून तळ्याच्या काठी आडवा झालो. समोर पोत्याच्या तरटावर चुन्याचा गोल, मागं मातीचा उंच बांध. हौसाक्का पदर खोचून मागं उभी.

पहिली गोळी डावीकडं दोन हात. दुसरी बांधाच्या माथ्यावर. तिसरी पाण्यात. सातवीनंतर मी उठून बसलो. माझ्या ओबडधोबड गुंडाळलेल्या चार गोळ्या होत्या, त्यासुद्धा एकदाच्या मारून टाकल्या, तर त्यांतल्या दोन तरटावर लागल्या! ह्या देखण्या गोळ्यांपेक्षा माझ्या भिकार गोळ्या बऱ्या?

मी धुरानं काळा झालो होतो, खांदा ठणकत होता, आणि दसरा पाच दिवसांवर. तोंडातून निघून गेलं.

"बिडी वेगळी आणि गोळी वेगळी, आक्का. ही बोटं बिडीचीच. माझी चूक झाली तुमच्यावर विसंबलो."

 ती शांतपणे म्हणाली, "गेल्या साली नानास्नी म्हनलासा, बंदुकीत खोट न्हाई, तुमची नजर गेलीया. आज मला म्हंतासा, बोटं बिडीची हाईत. मिस्त्री, तुमच्यात कवाच काय खोट नसती व्हय?"

आणि ती निघून गेली.

हो, मीच म्हणालो होतो. गेल्या दसऱ्याला, शाळेची कौलं फुटल्यावर, गावानं माझ्याकडं बघितलं तेव्हा. माझ्या गोळीनं मी स्वतः एकदाही निशाण तपासलं नव्हतं. तपासायला काय हरकत होती? पण मी शिकलगार, माझ्या गोळीवर कोण शंका घेणार? समोर पासष्टीचा माणूस होता, त्याच्या डोळ्यांवर ढकलून दिलं आणि मोकळा झालो. आणि नानांनी ते मानलं. इतकं मानलं की भिंतीला हात लावून चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी सोप्यात हौसाक्काची जागा रिकामी होती. काकी चहा देताना म्हणाल्या, "आज कुठं दिसंना ती. सूपबी हितंच ठेवून गेलीया." मला चहा गोड लागला नाही.

दुपारी ती आली ती तळ्याकडून. लुगड्याच्या काठाला चिखल, ओच्यात काहीतरी बांधलेलं. माझ्यासमोर बसली आणि ओच्यातलं फरशीवर ओतलं. एका बाजूला कागदाचे बारीक कपटे, कडा करपलेल्या.

"ह्ये बंदुकीच्या तोंडाम्होरं, धा-बारा पावलांत घावलं. तुमच्या गोळ्यांचं हाय."

"माझ्याच कशावरून?"

"तुमचा कागूद तुमी निळ्या शाईच्या बाजूनं कापला हुता, ह्येच्यावर शाई हाय. माझ्या कागदाचा एकबी कपटा तितं न्हाई. सकाळधरनं हुडकाय लागलोय."

मग तिनं पदराच्या गाठीतून एक वस्तू काढून कपट्यांशेजारी ठेवली. बांधाच्या मातीतून उकरून काढलेली चेपलेली गोळी. तिच्या बुडाला लाल दोरा जसाच्या तसा, आणि त्या दोऱ्याला कागदाची काळी चिंधी लोंबत होती.

"बगा मिस्त्री," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, मला तो असता तर बरं वाटलं असतं. "ह्यो कागूद नळीत घट्ट पायजे. पर भाईर पडल्या पडल्या सुटायलाच पायजे. दोऱ्यानं त्याला सोडलंच न्हाई, शेपटीला लोंबकळत गेला. मग गोळी कशी सरळ जानार? बिडीचं समदं उलटं हाय हितं. सुटत न्हाई ती छाट."

मी कपट्यांकडं पाहिलं, दोऱ्याकडं पाहिलं. तीन पिढ्यांचा धंदा, आणि हे मला एका बिडीवाल्या बाईनं चिखलात वाकून शोधून सांगावं. आदल्या दिवशी हे मला अपमानासारखं वाटलं असतं. त्या दुपारी नाही वाटलं. मी फक्त तिच्या चिखलानं भरलेल्या पायांकडं बघत राहिलो.

"दोऱ्याला वा मीच म्हणालो होतो, आक्का."

"म्हनला हुतासाच," ती म्हणाली आणि सूप पुढं ओढलं. "आना कागूद."

पण गंमत बघा. दोरा बांधायचा नाही हे ठरवूनही तिला बांधल्याशिवाय राहवेना! गुंडाळी झाली, शेपटी पिळली की उजवा हात आपोआप रिळाकडं जायचा. पहिल्या पाचांतल्या चार गोळ्यांना तिनं नकळत दोरा बांधला आणि प्रत्येक वेळी कपाळावर हात मारून घेतला. "ह्या हाताला कोन सांगनार ओ!" शेवटी रीळ काकींच्या धान्याच्या कणगीत टाकून दिलं. तरी हात जायचाच. मग तिनं डाव्या हातात गोळी आणि उजव्या मुठीत चिंचोका धरून ठेवायला सुरुवात केली. मूठ भरलेली असली की हात दोरा शोधत नाही. दोन दिवस ती बाई मुठीत चिंचोका धरून, शेपटी नुसती पिळून आत दाबत बसली. त्या दोन दिवसांत तिनं एक बिडी वळली नाही. बुडालेल्या मजुरीचा विषय काढला तर म्हणाली, "गप बसा, मोजाय लागलं की बोटं चुकत्यात."

आठव्या माळेला सकाळी पुन्हा तळं. नवव्या दिवशी खंडेनवमी, थोरली पूजेला बसणार, म्हणजे हाच शेवटचा दिवस. मी पाच गोळ्या मारल्या. प्रत्येक बाराला नळीच्या तोंडापुढं पांढऱ्या कपट्यांचा झुबका उडत होता. तरट काढून आणलं, तर पाचही भोकं जेवायच्या ताटलीखाली झाकली गेली असती. हौसाक्कानं भोकांवर पंजा ठेवून पाहिला आणि नाक पुसलं.

दसऱ्याला सारं गाव तळ्यावर. कोहळा टांगलेला, देवळापुढं आपट्याच्या फांद्यांचा ढीग. नाना फेटा बांधून आले. थोरलीला हात जोडले, उचलली, आणि माझ्यासमोर धरली.

"तू मार, दस्तगीर. गोळी चांगली जमलीया म्हंत्यात. माझ्या डोळ्यापायी वाया नको. थोरली वाचू दे."

सोपं होतं. मी मारली असती, लागली असती, थोरली वाचली असती आणि माझं नावही झालं असतं. हौसाक्का बायकांच्या घोळक्यात उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

 "नाना," मी म्हणालो, आणि आवाज चढवला, कारण एकदा बोलायचं तर सगळ्यांनी ऐकावं. "गेल्या वर्षी तुमची नजर चुकली नव्हती. त्याच्या आदल्या वर्षीही नाही. गोळी चुकली होती. तीन वर्षं मी तुम्हाला खोटी गोळी दिली, आणि वर तुमच्या डोळ्यांना बोल लावला. डोळे ठीक आहेत तुमचे."

गर्दीत कुजबूज झाली. कुणीतरी "आयला!" म्हणालं. नानांनी माझ्याकडं बघत डोळे मिचकावले.

"ठीक हाईत?"

"ठीक आहेत."

त्यांनी बंदूक परत घेतली.  दस्ता खांद्याला लावला.

बार झाला. धूर, त्यात पांढरे कपटे, आणि पलीकडं कोहळ्याचे दोन तुकडे. गावानं एकच गलका केला. नाना मात्र हलले नाहीत. धूर विरेपर्यंत तसेच उभे राहिले.

"डावा निम्मा अजून लोंबतोय," ते हळू म्हणाले. "दोरीला. दिसाय लागलाय मला."

मग माझ्याकडं वळले. "एक वरीस मी पेपर वाचला न्हाई, दस्तगीर."

 मी मान खाली घातली. नानांनी थोरली माझ्या हातात दिली. "घे. पुसून ठेव. पुढल्या साली लागंल." आणि भिंतीबिंतीचा आधार न घेता देवळाच्या पायऱ्या चढून गेले.

लोक सोनं लुटायला धावले. मी नळी पुसत बसलो होतो तेवढ्यात हौसाक्का समोर आली. वाकून जमिनीवरून काहीतरी वेचत होती. आपट्याच्या पानाबरोबर तिनं माझ्या तळहातावर कागदाचा एक कपटा ठेवला. कडा करपलेला, अजून बारुदाचा वास येणारा.

"सोनं घ्या मिस्त्री. बगून घ्या. छाट न्हाई."

आपट्याचं पान केव्हाच चुरून गेलं. कपटा मी दुकानात परवान्याच्या काचेमागं ठेवला आहे, कोपऱ्यात. काळी कड पाहून नवी गिऱ्हाइकं हटकून विचारतात, "मिस्त्री, तुमच्या परवान्याला आग लागली होती काय?"

"होय," मी सांगतो. "लागली होती एकदा. लागायलाच पाहिजे होती."